पथकानं खाल्लेले रोडगे

साहेब, तुम्ही आमच्या ताटातले चोर आहात! नाव घेत नाही, कारण तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण पाहणी पथकाच्या तिसऱ्या गाडीतून पांढरे बूट घालून उतरलेले, चार रोडगे आणि वाटीभर तूप चापून वर "भाजी अजून आहे का?" विचारणारे ते तुम्हीच! हेच दोन हजार सहा साल, कार्तिक महिना, अमरावतीहून मोझरीकडे जाणारी सडक, डाव्या हाताला आवळीचं झाड. आठवलं? नसेल आठवत तर मी आठवण करून देतो. मला सगळं आठवतं. विसरताच येत नाही, तेच तर दुखणं आहे!

वाचकहो, आधी माझी ओळख. मी शेखर. अमरावतीत स्टोव्ह, शेगड्या आणि कुकर दुरुस्तीचं माझं दुकान. शाळा नववीपर्यंत, तीही शाळेनंच थांबवली. बाकीचं शिक्षण मी रद्दीतले पेपर वाचून केलं. पण वाचकांच्या पत्रांत सारा जिल्हा मला ओळखतो. म्हणजे असं मी समजतो. नळाला पाणी नाही? लिही पत्र! कापसाच्या गाड्या आठ-आठ दिवस केंद्रावर उभ्या? लिही पत्र! आणि खाली 'एक त्रस्त नागरिक' लिहिणाऱ्या भित्र्यांतला मी नव्हे. पूर्ण नाव, पूर्ण पत्ता! आपण कोणाच्या बापाला भीत नाही! (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं मला ते गिळायचं आहे.)

माझे बाबा नत्थुजी चांदूर रेल्वेकडच्या खेड्यात झेंडू आणि भाजीपाला पिकवतात. त्यांना धड वाचता येत नाही, पण पेपरात माझं नाव कुठं छापलंय ते बोटानं बरोबर दाखवतात. प्रत्येक पत्र कापून बियाण्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात. झेंडूचं बी एका बाजूला, माझी कात्रणं दुसऱ्या बाजूला. दोन्हीला वाळवी लागू नये म्हणून वरून कडुनिंबाचा पाला!

दिवाळीनंतर आठवड्यानं आई-बाबा नातवंडांना भेटायला आले. येताना बाबांनी झेंडूचं पोतं आणलं आणि आई पार्बताबाईनं एक हट्ट आणला.

"शेखर, आवळीखाली जेवाले नेतं का लेकरायले? शहरातले पोट्टे, यायनं आवळा फक्त बरणीत पाह्यला."

"नेतं का काय म्हणतं माय! असं आवळीभोजन करू का जिल्ह्यात कोनं केलं नसंन! रोडगे मी भाजतो!"

रोडगा म्हणजे कणकेचा गोळा गोवरीच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, कुस्करायचा, तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या भाजीसंगं हाणायचा. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

बायको वर्षाली शांतपणे म्हणाली, "मागच्या साली तुमी भाजलेला रोडगा पिंट्यानं चेंडू म्हणून नेलता. अजून आहे थो अंगणात. कुत्रं रोज हुंगते अन् निघून जाते."

मी दुर्लक्ष केलं. थोर माणसांच्या घरात असं चालायचंच.

त्याच दिवशी पेपरात बातमी होती. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग पडून कापूस बसला, म्हणून पाहणी पथक येणार! मी तिथल्या तिथं पत्र लिहिलं : 'पाहणी पथकाला जाहीर सवाल'. गाडीची काच खाली करून पीक पाहणाऱ्यांनो, वावरात पाय कधी ठेवणार? वगैरे. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारचे दोघं दारात येऊन उभे राहिले, इतक्या मोठ्यानं.

बाबा म्हणाले, "चांगलं आहे. पण हे त्यायच्या तोंडावर म्हणशीन का?"

"तोंडावर? समोर येऊ द्या फक्त! गचांडी धरून इचारीन!"

बाबा हसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पाहू."

पत्र वाटेत टपालपेटीत टाकू म्हणून मी शर्टाच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अब्दुल रहीमच्या तीनचाकी मिनीडोरमध्ये आम्ही सगळे भरलो. आई, बाबा, वर्षाली, सात वर्षांची जमुना, चार वर्षांचा पिंट्या, गोवऱ्या, कणीक, वांगी, झेंडूचं पोतं आणि आईचा पितळी डबा. हा डबा आईच्या माहेरचा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'पार्बताबाई' असं कोरलेलं. आई घर सोडून कुठंही जाईल, डबा सोडून जाणार नाही.

"शेखरभाऊ, मामूच्या वावरात झाड है, एकदम सडकेले लागून," रहीम म्हणाला. "छाव अशी का दुपारी बी गोधडी लागते!"

झाड खरंच झकास होतं. बाबांनी आणि पोरांनी झेंडूच्या माळा करून बुंध्याला, फांद्यांना, बांधावरच्या काटेरी तारेलाही गुंडाळल्या. वर्षालीनं रांगोळी घातली. आईनं झाडाला सूत गुंडाळलं, दिवा लावला. मी गोवऱ्या पेटवल्या आणि असा धूर काढला की रहीम खोकत म्हणाला, "भाऊ, रोडगे भाजून राह्यले का मच्छर मारून राह्यले?"

आईनं झाडाला हात जोडले आणि नातवंडांना सांगितलं, "आवळीखाली जेवाच्या टायमाले जो येईन थो पाहुणा देवच समजाव. त्याले उपाशी धाडू नाई."

मी निखाऱ्यातून मान वर काढून म्हणालो, "येऊ दे माय! सारा जिल्हा येऊ दे!"

देवानं ऐकलं. सारा जिल्हा नाही, पण सहा गाड्या आल्या.

रोडगे नुकतेच राखेतून काढले होते. पहिल्या गाडीतून सफारी घातलेला एक माणूस उडी मारून उतरला. झेंडू पाहिला, रांगोळी पाहिली, धूर पाहिला आणि त्याचा चेहरा रांगोळीपेक्षा खुलला.

"वा वा वा! तयारी जोरात आहे! आवळीचं झाड, डाव्या हाताला, बरोब्बर! सरपंच कुठं आहेत?"

"कोनते सरपंच?" मी विचारलं.

"असू द्या, असू द्या. या साहेब, या! शेतकऱ्याच्या बांधावर साधं जेवण, असं कार्यक्रमपत्रिकेत होतं ना? हेच ते!"

रहीम पुढं झाला. "साहब, ये तो मेरे मामू का वावर..."

"मामूला पण बसू द्या! जागा करा!"

वाचकहो, मला त्याच क्षणी कळलं होतं. पाहणी पथक! रस्ता चुकलेलं! "साहेब, चुकलात, पुढं जा" एवढे चारच शब्द बोलायचे होते. मी ते तोंडात गोळाही केले. पण तेवढ्यात आईनं "या देवा, या!" म्हणत तुमच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं होतं. पांढऱ्या बुटांसकट!

मग काय! पंधरा-सोळा माणसं पंगतीला. आमच्या सतरंजीवर तुम्ही, आमच्या गोधडीवर फायलींवाल्या मॅडम, उरलेले पोत्यावर. रोडगा काय असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तो सफरचंदासारखा चावला आणि दात धरून बसलात. मीच धावलो! हो, मीच! गचांडी धरणारा मी, तुमच्या ताटाशी उकिडवा बसून तुमचा रोडगा कुस्करून दिला. वरून तूप सोडलं आणि विचारलं, "अजून सोडू का साहेब?"

बाबा झाडाला टेकून माझ्याकडे बघत होते.

मॅडमनी फॉर्म काढला. "नाव?"

"शेखर नत्थुजी..."

"शेती किती?"

"मॅडम, मी स्टोव्ह दुरुस्त..."

"पूरक व्यवसाय!" सफारीवाला ओरडला. "लिहा मॅडम, शेतीला पूरक व्यवसाय आहे!"

"पण शेती तर..."

"आणि ही फुलं? फुलं तुमचीच ना?"

"बाबांची. पण ते तिकडं चांदूर..."

"पर्यायी पीक! फुलशेती! लिहा! आणि ती गाडी?"

"रहीमची आहे," मी म्हणालो.

"भागीदारीत वाहन! वा!"

अशी, वाचकहो, दहा मिनिटांत मला शेती, फुलबाग आणि अर्धी मिनीडोर मिळाली. माझ्या बापानं जन्मभर राबून जे मला दिलं नाही, ते सफारीवाल्यानं भाजीचा भुरका मारता मारता दिलं!

मग तुम्ही वर पाहिलं, साहेब. पहिल्यांदाच. ओठांवर तूप होतं. तुम्ही आपुलकीनं विचारलंत. हे मी कबूल करतो. "काय हो, एकंदरीत परिस्थिती कशी आहे? मोकळेपणानं सांगा."

सगळे थांबले. मॅडमचं पेन थांबलं. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला. बाबा झाडापासून सरळ झाले. माझा हात खिशात गेला. 'जाहीर सवाल' बोटांना लागला. मी तो बाहेर काढला, उलगडला...

आणि तुम्ही म्हणालात, "अरे, थँक्यू!" तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि तुपाची बोटं पुसलीत! आधी अंगठा. मग एकेक बोट. 'वावरात पाय कधी ठेवणार' या ओळीवर करंगळी!

तरी मी बोलू शकलो असतो. तोंड तर माझंच होतं! पण त्या तोंडातून काय निघालं?

"छान आहे साहेब. एकदम छान."

मॅडमनी लिहिलं. फोटोवाल्यानं फोटो काढला. आणि माझी जमुना, देव तिला उदंड आयुष्य देवो, खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, हेच का थे? ज्यायची तुमी गचांडी धरणार होते?"

मी रोडग्याचा एवढा मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला! आवळीखाली पोटच्या पोरीचं तोंड बंद केलं, साहेब, तुमच्यासाठी.

"काय म्हणाली?" तुम्ही विचारलंत.

"भूक लागली म्हणते, साहेब."

तुम्ही हसलात आणि शेवटचा रोडगा घेतलात.

मग सफारीवाल्यानं घड्याळ पाहिलं. "साहेब, अकोल्याला चारची बैठक आहे. इथली पाहणी झाली, शेतकऱ्याचं मतही झालं. निघू या." उरलेली वांग्याची भाजी ड्रायव्हर लोकांसाठी म्हणून त्यानं आईच्या पितळी डब्यात भरली. "बाई, डबा उद्याच हापिसातून पाठवून देतो!" सहा गाड्या माघारी वळल्या. धुळीत आमचं झाड झेंडूसकट पांढरं झालं.

तपेल्यात उरलं होतं फक्त तुपानं माखलेलं पळं, मोठी पळी. ते पिंट्या चाटत होता.

"आता का खाचं?" वर्षालीनं विचारलं. बाबा उठून मिनीडोरमध्ये जाऊन बसले. ठरल्याप्रमाणे पुढं मोझरीला समाधीचं दर्शन होतं, म्हणून रहीमनं गाडी त्याच दिशेनं काढली.

मी गाडीत आईला म्हणालो, "तूच म्हणे न माय, पाहुणा देव समजाव. देवापुढं रडगाणं कसं गाऊ?"

आई म्हणाली, "उपाशी धाडू नाई म्हणलं होतं मी. खोटं बोल म्हणलं नव्हतं."

रहीमनं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली. शेजारधर्म!

दोन-अडीच किलोमीटर गेलो असू. डाव्याच हाताला आणखी एक आवळीचं झाड! त्यालाही झेंडूच्या माळा. खाली मांडव, सतरंज्या, झाकलेल्या टोपल्या आणि चाळीस-पन्नास माणसं अंग चोरून बसलेली. नव्या लुगड्यातली एक बाई सडकेवर आली, हात आडवा केला. मागून कळलं, तिचं नाव दुर्गाबाई.

"भाऊ, अमरावतीकडून आले न तुमी? पथकाच्या गाड्या दिसल्या का? सकायपासून वाट पाहून राह्यलो."

तिच्या मागं पऱ्हाटी उभी होती. म्हणजे काड्या उभ्या होत्या. पानं लाल होऊन गळालेली, बोंडं बोरांएवढी.

"सारे म्हणे, ढोरं सोडा यात अन् हरभरा पेरा," बाई सांगत होती. "म्या म्हणलं नाई! साहेब येऊन राह्यले, त्यायले डोयानं दिसलं पाहिजे. वीस दिवस झाले, राखण करून राह्यली मी याची. वायल्या काड्यायची राखण! हसतात लोक मले. दिसल्या का गाड्या?"

आता तरी, वाचकहो, आता तरी मी बोलायचं की नाही? समोर साहेब नव्हते, कॅमेरा नव्हता. एक बाई होती फक्त.

"येत असतील, बाई," मी म्हणालो. "तुमी बसा."

"रहीम, थांबव गाडी," मागून बाबा म्हणाले. ते उतरले. टोपी काढून हातात घेतली. "माय, नाई येत थे. चुकून आमच्याइथं जेवले अन् अकोल्याले गेले. पीक कसं आहे ते या माह्या पोराले इचारून गेले."

"अन् यानं का सांगतलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं माझं उत्तर स्वतःच्या तोंडानं दिलं. "छान आहे म्हणलं."

दुर्गाबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाजारात न घ्यायचं वांगं न्याहाळावं तसं. मग तिची नजर पिंट्यावर गेली. तो अजून पळं चाटत होता.

"हे लेकरू काहून असं करून राह्यलं?"

"उपाशी आहे बाप्पा," आई म्हणाली. "सारेच उपाशी आहो."

बाई मग हसली. ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "म्हंजे साहेब तुमचं जेवले, अन् साहेबायचं जेवण इथं सुकून राह्यलं! उतरा खाली. आवळीखाली आलेलं मानूस उपाशी जात नाई आमच्याइथं."

तसंच झाड, तीच रीत, आईचेच शब्द! आम्ही जेवायला बसलो. पिठलं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. साहेबांसाठी आणलेली स्टीलची नवी ताटं. पन्नास माणसं आमच्याकडे बघत होती आणि मी साहेबांच्या जागेवर बसून साहेबांचं जेवत होतो.

"कसं झालं पिठलं?" बाईनं विचारलं.

तोंडाशी एकच शब्द आला. तो उच्चारायची हिंमत झाली नाही. मी मान हलवली. डोळ्यांना पाणी आलं. ठेचा तिखट होता, असं मी वर्षालीला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "ठेचा तुमच्या ताटात वाढलाच नव्हता."

हात धुतले आणि मी हळूच मिनीडोरकडे सरकलो, तर बाई आडवी. "कोठी चालले? साहेबायचं जेवले न? आता साहेबायचं कामबी करा. चला वावरात!"

आणि मला वावर दाखवलं, साहेब! एकेक ओळ, एकेक झाड! पुढं दुर्गाबाई, मागं मी, माझ्या मागं पन्नास माणसं. "हे बोंड पाहा. फोडा. अंदर का आहे? नाई न काही? आता हे पाहा. हे दुसऱ्या कंपनीचं बियानं, हेबी तसंच. वाका जरा, वाका! साहेबापुढं वाकले असान न?" माझी चप्पल तुटली, पायात काड्या घुसल्या. एक म्हातारा मागून म्हणाला, "पहिलंच पथक पाह्यलं बाप्पा मी वावरात पायी हिंडणारं!" सगळे हसले. जमुनाही हसली. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! 'फुलशेती व पूरक व्यवसायातून समाधानी शेतकरी कुटुंब.' खाली माझं पूर्ण नाव! त्यात मी असा वाकून तूप वाढतोय की लग्नात पोरीचा बापही व्याह्यापुढं इतका वाकत नाही.

बाबांनी जमुनाकडून कात्री मागून घेतली. बसून, सावकाश, चौकटीवरून तो फोटो कापला आणि घडी करून खिशात ठेवला.

"बाबा, हे काहून ठेवता?" मी विचारलं.

"तुयं नाव आहे न त्यात," बाबा म्हणाले. आणि दुपारच्या एसटीनं आई-बाबा गावी गेले. तो आता पत्र्याच्या पेटीत आहे. कडुनिंबाच्या पाल्याखाली. वाळवी लागणार नाही.

तेव्हापासून मी तुम्हाला सात पत्रं लिहिली, साहेब. ते एक 'छान' खोडा, असं सातही पत्रांत लिहिलं. खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. एकाचंही उत्तर नाही. दुर्गाबाई अजून वावर नांगरत नाही. मोझरीकडून येणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप पाठवते, "त्या स्टोव्हवाल्याले इचारा, साहेब कवा येतात?" हरभऱ्याची पेरणी तिची निघून चालली आहे. माझ्या भरवशावर! आणि जमुना रोज झोपताना विचारते, "बाबा, तुमी बोलले काहून नाई?" तिला सांगतो, झोप. रोडगा आता हाताशी नसतो.

म्हणून आता हे शेवटचं, सगळ्यांसमोर विचारतो. दुर्गाबाईच्या वावरात कधी येता? तारीख कळवा. आवळीचं झाड, डाव्या हाताला, पण दुसरं. येताना घरून जेवून या! आणि माझ्या आईचा पितळी डबा घेऊन या, त्यावर तिचं नाव आहे. फक्त एक लक्षात ठेवा, आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीतरी घालून आणतात.

उत्तर घालून आणा, साहेब. कधी आणता?